‘चांगलंय, खा’

खोक्यांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळे तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे ‘नाकवाली’. त्यात कुचेष्टा नव्हती, मान होता. एकोणीस वर्षं ती सकाळी साडेसहाला मागच्या दारात उभी राहायची, दुधाच्या कॅनचं झाकण उचलायची, नाक खाली न्यायची आणि निकाल द्यायची. "घ्या," नाहीतर "न्या परत." एकदा तिने मासळीची अख्खी पेटी परत पाठवली तेव्हा मॅनेजर तिच्यावर डाफरला होता. ती पेटी पलीकडच्या कारखान्यानं घेतली आणि तिथली तीस माणसं आडवी झाली. तेव्हापासून मॅनेजरही घरचं उरलंसुरलं डब्यात आणून गुपचूप तिच्यापुढे धरायचा.

मग एका थंडीत तिला ताप आला. आठवड्याने उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. कांदा चिरताना कळलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि नाकाला पत्ताच नव्हता. येईल चार दिवसांत, असं तिने मनाशी म्हटलं. चार दिवसांचे चार महिने झाले. तिने कुणाला सांगितलं नाही. नाकवालीचं नाकच गेलं म्हटल्यावर तिला ठेवणार कोण?

ती कसंबसं निभावून नेऊ लागली. दूध वाटीभर उकळून फाटतं का बघायचं. मासळी बोटानं दाबायची. आणि भाजी चिरणाऱ्या बाईपुढे पातेलं धरून मास्तरणीच्या आवाजात विचारायचं, "सांग बघू, कसा वास येतोय?" मावशी आपल्याला तयार करताहेत अशा समजुतीनं ती बिचारी डोळे मिटून हुंगायची. पण जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मावशीचं लक्ष जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे असायचं. कुणाला साधा ठसका लागला तरी तिच्या हातातला डाव थांबायचा.

घरी सुनेला सातवा महिना होता. मुलगा ट्रक घेऊन लांब गेलेला. एका रविवारी सकाळी सुनेनं फ्रिजमधून मऊ, पांढऱ्या चीजचा डबा काढला.

"आई, याची तारीख उलटून आठ दिवस झालेत. टाकून देऊ? का बघताय जरा?"

मावशीनं डबा हातात घेतला. बुरशी नव्हती, पाणी सुटलं नव्हतं. सवयीनं तिने तो नाकाशी नेला. नुसता गारवा लागला, बाकी काही नाही. मला वास येत नाही, एवढं म्हणायचं होतं. पण सून इतक्या भरवशानं बघत होती की तोंडातून दुसरंच निघालं.

"चांगलंय, खा."

सुनेनं पावाच्या दोन कापांना ते जाडसर लावलं आणि आवडीनं खाल्लं.

सोमवारी कारखान्यातल्या नर्सबाईंना मावशीनं तारीख गेलेल्या चीजबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घट्ट चीज असेल तर बुरशी आली तरी भोवतालचं बोटभर कापून टाकावं, उरलेलं चालतं," नर्सबाई म्हणाल्या. "मऊ मात्र तारीख गेली की टाकायचं. आणि पोटुशी बाई असेल तर विषयच नको. आईला नुसती कणकण येते हो, पण पोटातलं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "कोण विचारत होतं?"

"शेजारीण," मावशी म्हणाली.

"तिला म्हणावं, दोन महिने तरी तापावर लक्ष ठेव."

त्या दिवसापासून काही ना काही निमित्त काढून ती सुनेच्या कपाळाला हात लावू लागली. केस सारखे करायचे, डास बसलाय म्हणायचं. सून हसायची, "आई, मी काय लहान आहे?" गुरुवारी दुपारी कपाळ तापलेलं लागलं. थर्मामीटर एकशे एकच्या वर गेला.

"सर्दीच आहे हो, झोपले की बरं वाटेल," सून म्हणाली.

मावशीनं टॅक्सी बोलावली. वाटेत बाळ हललं का, हे तिने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा सुनेनंही पोटावर हात ठेवला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तापाची गोळी लिहून देत होत्या. मावशी भिंतीला टेकून उभी होती. गप्प राहिलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं.

"थांबा," ती म्हणाली. "हिने तारीख गेलेलं चीज खाल्लंय. मऊ. मीच खा म्हटलं. मला वास येत नाही. चार महिने झाले, मला कसलाच वास येत नाही."

सुनेनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती नजर मावशीला सहन झाली नाही.

लगेच रक्त घेतलं, सलाईनमधून औषध सुरू केलं. बाळाचे ठोके ऐकायला यंत्र लावलं तेव्हा मावशी बाहेर पळाली आणि कानांवर हात ठेवून जिन्यात बसली. दोन दिवस ती बाकावरून हलली नाही. सून तिच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. रक्तात काही नव्हतं, साथीचा ताप होता.

"एक सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं नाक धड असतं तरी हे कळलं नसतं. असल्या चीजमध्ये जे जंतू वाढतात, त्यांना ना वास, ना चव."

हे ऐकून तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिला घाम फुटला. एकोणीस वर्षांत किती जणांना आपण नुसतं हुंगून "घ्या" म्हटलं असेल?

घरी आल्यावर सून पहिल्यांदा बोलली. "वास येत नाही म्हणाला असतात तर मी डबा फेकून दिला असता. एवढंच तर होतं, आई."

सोमवारी मावशीनं मॅनेजरला सगळं सांगितलं. त्याने तिला काढलं नाही, पण माल घ्यायचं काम भाजी चिरणाऱ्या बाईला दिलं आणि तिला वाढायला उभं केलं. दोन महिन्यांनी सुनेला मुलगी झाली, चांगली ठणठणीत. बाळंतपणात सून मावशीच्या हातचं खायची, पण घास घेण्याआधी एकदा ताटाकडे आणि एकदा तिच्याकडे बघायची. मावशी तेवढ्या वेळात श्वास रोखून उभी राहायची.