चुडी किती ठेवू? वाडी ते वाडी, सावनेर-हिंगणामार्गे

गुरुवारी सकाळी साडेनऊला, हिंगणा रोडवर तर्री-पोह्याची प्लेट हातात असताना दिगांबरकाकांचा फोन आला आणि माझं आयुष्य बदललं. त्यांनी विचारलं, "चुडी किती ठेवू?" मी म्हटलं, "दोन-चार." एवढंच. लोकांचं आयुष्य लडाखला जाऊन बदलतं, माझं पोह्यावर तर्री टाकताना बदललं. पण ते कळायला रविवार उजाडला, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. तुमच्यापैकी कोणाला मोटरसायकलचा पार्ट टायटॅनियममध्ये करून घ्यायचा असेल तर रस्ताही कळेल आणि काय बोलू नये तेही.

निघायचं कारण ऋतुजा. ती धरमपेठेत राहते आणि सुट्टीच्या दिवशी माणसं ज्या टेकडीवर पायीसुद्धा चढत नाहीत तिच्यावर गाडी चढवते. तिच्या डर्टबाइकच्या मागच्या चाकाचा ॲक्सल, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणारा दांडा, वाकला होता. रविवारी कळमेश्वरच्या अलीकडे मुरुमाच्या जुन्या खाणीत शर्यत होती आणि बाहेरून मागवलेला ॲक्सल पंधरा दिवसांनी येणार होता. चहाच्या टपरीवर ती हे सांगत होती, तर मी म्हटलं, "मी आणतो. टायटॅनियमचा."

"तू? तुनं तर कॉलेज सोडलं ना?"

सोडलं. मेकॅनिकलच्या पाचव्या सेमिस्टरला, प्रॅक्टिकलच्या सरांशी भांडण झालं म्हणून. मी रागात त्यांचीच फाईल त्यांच्या हातात देऊन निघालो होतो. माझी द्यायला हवी होती, हे पार्किंगमध्ये लक्षात आलं. पण टपरीवर यातलं काही सांगितलं नाही. एवढंच ठरवलं की रविवारी ॲक्सल तिच्या हातात द्यायचा आणि मनातलं सांगून टाकायचं. दोन वर्षं झाली होती. किती दिवस तिचं हेल्मेट धरून उभं राहायचं?

बुधवार, सावनेर. माझी खोली वाडीत, एका ट्रान्सपोर्टच्या गोडाउनच्या वर. तिथून गोंडखैरी, कळमेश्वर, सावनेर असा रस्ता आहे. स्कूटी दोस्ताची होती, दोनशेचं पेट्रोल मी टाकलं. गोंडखैरीपर्यंत ट्रकांच्या मधून जीव मुठीत. कळमेश्वरनंतर दोन्हीकडे कपाशी सुरू होते आणि माणूस जरा बरा विचार करू लागतो. मी सुरुवातीच्या वाक्यांची प्रॅक्टिस करत होतो. हेल्मेटमध्ये "ऋतुजा, ऐक ना" म्हटलं की आवाज घुमतो, फार भारदस्त वाटतं.

सावनेरात मामाचं भंगाराचं दुकान आहे. बंद पडलेल्या एका केमिकल कारखान्याचा माल त्याने कधीकाळी उचलला होता आणि त्यातला एक गज दहा वर्षं दुकानाच्या ताडपत्रीला टेका म्हणून उभा होता. दहा पावसाळ्यांत गंजाचा ठिपका नाही. लहानपणापासून तो गज पाहत होतो. त्याच्यावर मामीची ओढणी वाळायची.

टायटॅनियम ओळखायची पद्धत सांगतो, कामी येईल. चुंबक चिकटत नाही. उचलला की वाटतं आत पोकळ आहे, आणि नसतो. ग्राइंडरला लावला की ठिणग्या पिवळ्या नाहीत, पांढऱ्याशुभ्र उडतात. मामाने ग्राइंडर लावला, ठिणग्या उडाल्या आणि आम्ही दोघं लग्नातला अनार पाहावा तसे पाहत राहिलो.

"काहून पाह्यजे तुले हा?" मामा म्हणाला.

"गाडीचा पार्ट करायचा आहे."

"गाडी कोणाची?"

मी ग्राइंडरची वायर गुंडाळू लागलो.

"घेऊन जाय," मामा म्हणाला, "पण ताडपत्रीले दुसरा टेका लावून दे पहिले." बांबू शोधून, रोवून, ताडपत्री बांधून निघायला दोन तास लागले. सावनेरचा कार्यक्रम आखताना हे दोन तास धरा.

त्याच दिवशी दुपारी हिंगण्याच्या एमआयडीसीत. वाडीवरून आतला रस्ता आहे, वीस मिनिटं लागतात. गल्लीत लेथवाले बरेच, पण टायटॅनियम म्हटलं की सगळ्यांना एकदम दुसरं काम आठवतं. एकट्या दिगांबरकाकांनी गज हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "सोडून जाऊ नको, बस." साठीचे आहेत. वडील विणकर होते, उमरेडचे. काका म्हणतात, माग आणि लेथ सारखेच, घाई केली की तुटते.

पेट्रोलच्या पावतीमागे मी नकाशा काढून दिला: लांबी, जाडी, झालं. काकांनी लेथ अगदी हळू लावला, तेलाची धार सोडली आणि टोकदार टूल लावलं. "हे गरम झालं का टूल खाते," ते म्हणाले. "रागीट मेटल आहे. तुयासारखं."

तेवढ्यात खालच्या ट्रेमधला बारीक कीस पेटला. एवढा पांढरा उजेड की भिंतीवरच्या कॅलेंडरमधले देवही दिपले असतील. मी पाण्याची बाटली उचलली. काकांनी माझ्या मनगटावर फटका मारला, डब्यातली रेती ओतली आणि परत लेथकडे वळले.

"पाणी टाकलं असतं तं तू अन् मी दोघंही कॅलेंडरात गेलो असतो."

मग मी त्यांना ऋतुजाबद्दल सांगितलं. एक तास. ती हेल्मेट काढल्यावर केस कसे झटकते इथपासून. काकांनी फक्त दोनदा "हं" केलं. शेवटी म्हणाले, "हे तिले सांगतलं का?"

"रविवारी."

"मंग मले काहून सांगून राहिला?"

आता गुरुवारचा फोन, जसाच्या तसा. मागे लेथचा घरघराट, माझ्याकडे पोहेवाल्याचा झारा.

"चुडी किती ठेवू?"

मला भरून आलं. म्हातारा माणूस, एक तास ऐकून घेतलं आणि उरलेल्या टायटॅनियममधून तिच्यासाठी बांगडी करतोय! माप मला पाठ होतं. तिच्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी सीताबर्डीत पिशव्या धरायला मी होतो. बांगडीवाल्याने तिचा हात दाबून "दोन-चार" म्हटलं होतं.

"दोन-चार ठेवा काका."

"बस? नक्की?"

"नक्की. मी स्वतः ऐकलं आहे."

"एकीकडे ठेवू का दोन्हीकडे?"

एका हातात की दोन्ही हातांत! "दोन्हीकडे. एकीकडे चांगलं नाही दिसत."

"उलटी का सुलटी?"

"उलटी कशी घालणार काका? सुलटी!"

"पॉलिश मारू?"

"एकदम चकाचक."

दुसरी प्लेट मागवली. तीस रुपये.

शनिवारी पार्सल घेतलं. तेलकट वर्तमानपत्रात गुंडाळून वर चार रबरबँड. काका जेवायला बसले होते. म्हणाले, "तेल आहे, खोलू नको इथं." मलाही खोलायचं नव्हतं. तिने खोलावं, आतून ॲक्सल निघावा, मग बांगड्या निघाव्या, मग मी बोलावं, असा क्रम होता.

रविवार, खाण. वाडीपासून अर्धा तास. शेवटचे दोन किलोमीटर मुरुमाचा रस्ता, उतरून स्कूटी ढकला. पाणी सोबत न्या, तिथे फक्त रसवंती आहे. मंडपात भोंगा, खाली तीसेक गाड्या. ऋतुजा चाक काढून बसलेली होती, पाठीवर सत्तावीस नंबर. मी पार्सल दिलं. तिने रबरबँड काढले आणि ॲक्सल बाहेर आला. खरं सांगतो, सुंदर होता. तिने तो तळहातावर तोलला.

"हलका आहे वं माय!" मग टोकं पाहिली. एकदा हे टोक, एकदा ते. "अन् चुडी?"

"आहे ना," मी म्हटलं आणि कागद झटकला. काही पडलं नाही. कागद उलटा केला, आत डोकावलो.

"काय शोधून राहिला?"

"चुडी."

"कागदात?"

मी फोन लावला, स्पीकरवर. "काका, चुड्या कुठं आहेत?"

"आहेत ना गा! तूच बोलला दोन-चार. मी चार ठेवल्या. दोन्हीकडे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नट बसण्यासाठी दांड्यावर जे आटे पाडतात त्यांना लेथवर चुडी म्हणतात. कॉलेजात थ्रेड म्हणायचे. पाच सेमिस्टरमध्ये हे कोणी सांगितलं असेल तर त्या तासाला मी वर्गाबाहेर उभा असेन. ॲक्सलच्या एका टोकाला जाड डोकं हवं होतं आणि दुसऱ्या टोकाला बोटभर आटे. आमच्या ॲक्सलला डोकं नव्हतंच. दोन्ही टोकांना फक्त चार-चार आटे होते. "मले वाटलं, बरं झालं," काका सांगत होते, "टायटॅनियमले चुडी पाडता पाडता टूल मरून जाते."

ऋतुजाने मला विचारलं, "तुले काय वाटलं होतं?"

मी सांगितलं. बांगडी, माप, सीताबर्डी, सगळं. ती दोन मिनिटं मातीत बसून हसली. मग डोळे पुसून तिने ॲक्सल चाकात घातला आणि दोन्हीकडून नट फिरवले. नटात आठ आटे, त्यातले चार पकडले.

"चालते," ती म्हणाली. "तीन तर राउंड आहेत. वर्षभर थांबली मी ह्या शर्यतीसाठी."

"नाही चालत. उडी मारली का नट निघन. चाक निघन."

"तू कोण मले थांबवणारा?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, दोन वर्षांपासून. पण ते सांगत बसायला वेळ नव्हता. ती हेल्मेट घालायला वळली, तेवढ्यात मी नट काढले, दांडा ओढला आणि पळालो.

भोंग्यावरच्या माणसाला जे दिसेल ते बोलायची सवय असते. "सत्तावीस नंबरची रायडर पायी पळून राहिली! समोर एक भाऊ दांडा घेऊन आहेत! भाऊ चढाईवर स्लो झाले!" शर्यतीचे बूट दोन-दोन किलोचे असतात, तरी तिने मला रसवंतीपाशी गाठलं. कॉलर धरली. तिकडे झेंडा पडला, एकोणतीस गाड्या सुटल्या आणि आम्ही धुळीत दिसेनासे झालो.

"मले तू आवडते," मी म्हटलं. तोंडात मुरूम होता.

तिने ॲक्सल हिसकावला आणि गाडीकडे चालती झाली. चाक नसलेली गाडी टेम्पोत चढवायला तिला चार जण लागले. पाचवा मी असतो, पण तिने हातानेच लांब राहायला सांगितलं.

आता घर. सोमवारी दिवसभर पडून होतो. खर्च म्हणाल तर फार नाही, सगळा मिळून हजाराच्या आत. मामाने गजाचे घेतले नाहीत. काय राहिलं? तळहातात टायटॅनियमचा एक कीस रुतला आहे, दिसत नाही, टोचतो. आणि एक पक्कं माहीत झालं की ती माझ्याशी जन्मभर बोलली नाही तरी मी पुन्हा तो दांडा घेऊन पळेन. रागात मी बऱ्याच गोष्टी केल्या, त्यातली ही एकच परत करण्यासारखी वाटते.

हे लिहून संपवत होतो तेवढ्यात, मंगळवारी दुपारी, ती आली. जिना चढून, हातात हेल्मेट. मी चहा ठेवला. खुर्ची एकच आहे, ती तिला दिली.

"काल विचारत विचारत काकांकडे गेली होती," ती म्हणाली. "त्यांनी पूर्ण चुडी पाडली. डोक्याच्या जागी मोठी चकती अन् नट. मी मोजले आटे, वीस आहेत. पुढच्या महिन्यात दुसरी शर्यत आहे, त्यात लावते." मग कपाकडे पाहत, "त्या दिवशी मी गेली असती. चार आट्यांवर. घरी आल्यावर भेव वाटलं मले."

मी म्हटलं, "अन् ते दुसरं? रसवंतीपाशी बोललो ते?"

"ते नाही गा." ती सरळ माझ्याकडे पाहत होती. "खोटं नाही बोलत तुयाशी. ते नाही. पण शर्यतीत मायी गाडी तपासायले कोणी पाह्यजे. जो मले नाही म्हणू शकते असा. येशील तर सांग, नाही येशील तर तेही सांग. पण मनात काही धरून येऊ नको."

खाली ट्रक मागे घेणारा "आने दे, आने दे" ओरडत होता. आजवर प्रत्येक गोष्टीला माझं उत्तर एका सेकंदात तयार असायचं. ह्या वेळी तोंडातून जे निघालं असतं ते खोटं असतं, मग ते हो असो की नाही.

"विचार करून सांगतो," मी म्हटलं.

"तू? विचार करून?"

उठलो, चपला घातल्या, विचार करायला माझ्याच खोलीतून बाहेर पडलो आणि दार हळूच लावून घेतलं. ती आत चहा पीत होती.