रानातून उपटलेलं गाडगं

उघड्यावर कॅनव्हासची घोडी मांडून तैलरंगात चित्र काढायला लागलं की आमच्या नगर जिल्ह्यात लोक पहिल्यांदा विचारतात, "सायेब, रस्ता कुठून जानार?" मोजणीवाला नाही म्हटल्यावर विचारतात, "मग फोटू का न्हाई काढीत?" आणि तासाभरानंतरही मी तिथंच उभा दिसलो की जरा लांबून, हलक्या आवाजात, "घरचं कुनी हाय का संगती?"

मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. नव्वदनंतरच्या त्या चार-पाच वर्षांत मला या उघड्यावरच्या रंगकामाचं वेड लागलं होतं. सुताराकडून करून घेतलेली तीन पायांची घोडी, रंगांची पेटी, टर्पेंटाईनची बाटली आणि बायकोच्या जुन्या लुगड्यांची फडकी घेऊन दर रविवारी मी एस.टी.त बसायचो. जाताना ठीक असायचं. येताना पंचाईत. तैलरंग आठ-आठ दिवस वाळत नाही, त्यामुळे ओलं चित्र दोन्ही हातांनी छातीसमोर धरून, देवाची तसबीर मिरवणुकीत नेतात तसा मी दांड्याला टेकून उभा. एकदा एका पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर माझं अख्खं आभाळ उमटलं. तो जे बोलला ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. घरी आणलेल्या झेंडूच्या चित्राकडे पाहून बायको म्हणाली होती, "एवढं पिठलं कुठं सांडलं?"

तो झेंडू माझ्या धाकट्या बहिणीच्या शेतातला. तिला तिसगावच्या पलीकडे एका वस्तीवर दिलेली. त्या वर्षी तिनं घरात हट्ट करून अर्ध्या एकरात झेंडू लावला होता. दाजी बाजरी म्हणत होते. तिच्या सासूबाई, त्यांना ती आत्या म्हणायची आणि मी मावशी, त्याही बाजरीच म्हणत होत्या. लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्या घरात बहिणीचा शब्द कधी चालला नव्हता. तो पहिल्यांदा चालला. विहिरीला पाणी कमी, तर तिनं उन्हाळ्याच्या शेवटी रोपांना डोक्यावरून हंडे वाहिले. "दादा, दसऱ्याला आमचा झेंडू नगरला येतोय बघ," असं तिनं मला तीनदा तरी सांगितलं असेल.

भाद्रपदातल्या एका रविवारी मी तिथं पोचलो तर रान नुसतं पेटलं होतं. पिवळा, केशरी, मधेच लाल झाक, मागं डोंगराची निळी रेघ. घोडी मांडली, डोळे बारीक केले आणि बघतो तर बरोबर मध्यावर एका काठीवर पालथं घातलेलं काळं गाडगं, त्यावर चुन्याचे ठिपके. रानाला दृष्ट लागू नये म्हणून. माझ्या सगळ्या पिवळ्याला त्यानं मधोमध भोक पाडलं होतं.

आता कुणाही शहाण्या चित्रकारानं ते गाडगं चितारलंच नसतं. रंगवलं नाही म्हणजे झालं. पण माझं एक तत्त्व होतं. वर्गात मी मुलांना छाती फुगवून सांगायचो, जे दिसतं तेच काढा, मनानं काही गाळू नका. मग दिसतंय ते गाळायचं कसं? म्हणून तत्त्वाला धक्का न लावता मी सरळ रानात गेलो, काठीसकट गाडगं उपटलं आणि बांधावरच्या तरवडाच्या झुडपाखाली नेऊन ठेवलं. जग दुरुस्त करून आलो आणि प्रामाणिकपणे जे दिसत होतं ते रंगवायला लागलो.

रंगवता रंगवता तीन माश्या आणि एक टोळ आभाळात चिकटला. टोळ निघाला, माश्या अजून आहेत.

दुपारी बहीण फडक्यात भाकरी घेऊन आली. दाजी बाहेरगावी, मावशी लेकीकडे गेलेल्या. फडकं लांबूनच खाली ठेवत ती म्हणाली, "मी आज बाजूला हाय, दादा. रानात यायला नको व्हतं. पर तुला उपाशी ठेवू का?"

मी म्हणालो, "मी असलं काही मानत नाही. ये इकडं, चित्र बघ."

ती आली. चित्राकडे बघितलं, मग रानाकडे, मग परत चित्राकडे, बराच वेळ. मला वाटलं, हुबेहूब झालंय म्हणून ताडून बघतेय. त्या कौतुकावर मी एक भाकरी जास्त खाल्ली.

"लई गोड झालंय," एवढंच म्हणून ती गेली.

पाचची गाडी पकडायच्या घाईत मी सामान आवरलं. गाडग्याची आठवण झाली ती एस.टी.त, चित्र छातीशी धरून उभा असताना. वस्तीवर फोन नव्हता. म्हटलं, जाऊ दे, गाडगंच तर आहे.

त्याच आठवड्यात झड लागली. आमच्याकडे पाऊस यायचा तेव्हा येत नाही, आणि नको तेव्हा पाच दिवस हलत नाही. फुलं झाडावरच काळी पडली. दसऱ्याला मी सोनं द्यायला वस्तीवर गेलो तेव्हा दाराला झेंडूचं तोरण होतं, पण ते तिसगावातून विकत आणलेल्या फुलांचं. औतालाही विकतचाच हार.

मावशींनी मला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, तुमी शिकलेली मान्सं, तुमचा इस्वास न्हाई. पर तुमच्या बहिनीनं इटाळाचं रानात पाऊल घातलं. मला शेजारनीनं सांगितलं. फुलाला असलं सोसत न्हाई."

दाजी खाली बघत सोन्याची पानं चुरगळत होते. बहीण मोरीत भांडी घासत होती. तिचा हात थांबला नाही, भांड्यांचा आवाज मात्र कमी झाला.

मी मावशींना समजावलं. म्हणजे वर्गात करतो तसं भाषणच केलं. बुरशी कशी येते, दमट हवेत कशी पसरते, औषध कधी फवारायचं. त्या हूं हूं करत राहिल्या. भाषणात सगळं होतं, फक्त ती कुणाला भाकरी द्यायला रानात आली होती आणि गाडगं कुणी उपटलं होतं, एवढं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं की गाडग्याचं बोललो तर आपणच अंधश्रद्धेला खतपाणी घातल्यासारखं होईल. फार विचारपूर्वक गप्प बसलो. परतीच्या गाडीत लक्षात आलं की विचार वगैरे काही नव्हता, मी म्हातारीला घाबरलो होतो.

घरी येऊन त्यावर उपाय केला, तोही माझ्यासारखाच. रंग वाळत आला होता. त्यावर काळा आणि पांढरा घेऊन बरोबर मध्यावर ते गाडगं रंगवलं, एकूण एक ठिपका मोजून. चांगलं जमलं. दोन रात्री जरा बरी झोपही लागली.

भाऊबीजेला बहीण आली. भिंतीवरच्या चित्रासमोर उभी राहिली.

"हे कवा बसवलं?"

"काय?"

"गाडगं. मी भाकर घेऊन आले तवा नव्हतं तिथं."

मी तोंडातली करंजी न चावताच गिळली.

"तू गेल्यावर मीच हुडकलं. तरवडाखाली हुतं. हुतं त्याच भोकात परत रोवलं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? सगळं तुझ्या अंगावर आलं की."

"तुझं नाव निघालं असतं तर आत्यांनी तुला परत रानात पाऊल ठेवू दिलं असतं व्हय? वरसातून चारदा तर येतोस. तेबी रंग लावायला." ती जरा हसली. "माझं काय, मला रोजच ऐकायचं असतं. आता पुढच्या साली बाजरीच हाय तिथं. मी काय बोलायची न्हाई."

ओवाळणी म्हणून तिनं ते चित्र मागितलं. दुसऱ्या दिवशी तिला सोडायला मी वस्तीवर गेलो, या वेळी चित्र वाळलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ठरवूनच गेलो होतो. ओसरीवर बसलो आणि चहाच्या आत सांगून टाकलं, की ती माझ्यासाठी भाकरी घेऊन आली होती, आणि गाडगं मी उपटलं होतं, दिवसभर रान उघडं होतं, दोष द्यायचा तर मला द्या.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. "भाऊच असं बोलनार," त्या म्हणाल्या. "पर खोटं कशापायी बोलता मास्तर? म्या सांजच्याला आले तवा गाडगं जाग्याव हुतं. सवता बघितलं."

"ते हिनं परत लावलं म्हणून."

"ती कुठं तसं म्हनती?"

मी आत बघितलं. बहीण चुलीपुढं पाठ करून बसली होती. तिनं चुलीत आणखी एक काटकी सारली.

तेवढ्यात दाजींनी वर्तमानपत्र सोडून चित्र भिंतीला टेकवलं. मावशी जवळ आल्या, डोळ्यांवर आडवा हात धरून नीट बघितलं, आणि मधोमध बोट टेकवलं.

"हे काय," त्या म्हणाल्या, "हितंबी हाय की."

मग आतल्या बाजूला वळून त्यांनी चहात साखर जरा जास्त टाकायला सांगितली, मास्तरांना लागते म्हणून.