आत्यानं मोरीत ओतलेल्या गोळ्या
धुपाचा वास आला की मला आत्या आठवते. एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. महाल या जुन्या वस्तीतल्या आमच्या घरी आई स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "शरीरातलं हार्मोन या पेशींना वाढायचा निरोप देतं. ही गोळी तो निरोप पोचू देत नाही." आत्यानं मात्र घरभर धूप फिरवला, आईचं ताट वेगळं केलं आणि बाटलीतल्या गोळ्या मोरीत ओतल्या. "पापावर कोन्ती गोळी लागू पडते वं?" आईनं काठावर पडलेली एक गोळी पदराला पुसून तिच्यासमोरच गिळली. "वन्सं, मले जगाचं आहे. तुमाले पाहवत नसन तर तुमच्या घरी काटोलले चालल्या जा." आत्या गेली. आई पुढे बरीच वर्षं जगली. आज तीच गोळी मी घेते, आणि आत्यावरचा माझा राग तसाच आहे.