शंकरच्या गाडीला धक्का नाही

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही शंकरची गाडी रंगवली. चूक तिथंच झाली. साहेब येणार म्हटलं की फौज दगडालासुद्धा चुना फासते. इथं तर आमचा माणूस घरी चालला होता.

नाईक शंकर आमच्या कंपनीचा ड्रायव्हर, शिराळ्याकडचा. मी कवठे महांकाळचा, हवालदार, गाड्यांचा मेकॅनिक. एकाहत्तरच्या लढाईत पोटात तोफगोळ्याचा तुकडा घेऊन शंकरनं दारूगोळ्याची जुनी थ्री-टन गाडी आघाडीपर्यंत नेली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तो उठलाच नाही. त्याचा एकच हट्ट असायचा: "माज्या गाडीला कुणी धक्का मारायचा न्हाई. सेल्फवर लागंल तीच माजी गाडी."

लढाई संपल्यावर त्याच्या अस्थी आणि ट्रंक त्याच गाडीतून घरी पोचवायचं ठरलं. सुभेदारसाहेब, दोन जवान आणि स्टिअरिंगवर मी. सकाळी साताऱ्यात चहा घेतला, पेठ नाक्यावरून शिराळ्याकडे वळलो. गावाबाहेर ओढ्याशी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. बॉनेटला हार घालायचा होता. समोर वेशीत सगळं गाव उभं. शंकरचे वडील आबा हे जुने शिपाईगडी; छातीवर आपली मेडलं लावून ते ओढ्यापर्यंत चालत आले होते.

हार घातला. सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्.

"बॅटरी बसली," सुभेदारसाहेब म्हणाले. "जवान उतरा. धक्का मारा."

"न्हाई साहेब."

"हवालदार, ऑर्डर आहे."

"शिक्षा करा साहेब. ह्या गाडीला धक्का लागणार न्हाई."

आजवर साहेबाला असं तोंडावर नकार दिला नव्हता. पण माझं डोकं फिरलं होतं. मेल्यावर तरी माणसाचं म्हणणं राखायचं की नाही?

बॉनेट उघडलं. हेडलाइट लावले तर लख्ख. सेल्फ दाबला की मान टाकायचे. बॅटरीची टोकं साफ, घट्ट. मग एक जाड केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या बाजूला धरलं, दुसरं थेट इंजिनला टेकवलं. "मार!" जवानानं सेल्फ मारला आणि इंजिन गर्रकन फिरलं. म्हणजे बॅटरी ठीक, सेल्फ ठीक. करंटची परतीची वाट अडलेली. खाली वाकून बघतो तर काय! बॅटरीकडून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, येणारी अर्थिंगची पट्टी आम्ही ताज्या हिरव्या रंगावरच आवळलेली. रंगातून करंट जातोय होय? नटाच्या आट्यांतून जाईल तेवढ्या करंटवर इथवर कसंबसं निभावलं, खड्ड्यांनी तेही सैल केलं.

"केबल धरून चालू कर आणि चल," साहेब म्हणाले.

"आणि दारात बंद पडली तर?"

मी नट काढला, चासी खरवडायला लागलो.

"अरे, रंग त्याच्यासाठी लावलाय," साहेबांचा आवाज खाली आला.

आबा पुढं झाले. "खरवड रं पोरा. त्याला रंगाचं कवा कौतुक हुतं? गाडी लागली पायजे."

रंगाखालचं लोखंड उघडं पडलं. पट्टी आवळली. पहिल्याच सेल्फला गाडी लागली आणि वेशीतून सरळ आत गेली.

दारात शंकरची आई उभी होती. आबांनी मला हात केला. "बंद कर."

"आवं आबा, कशाला?"

"कर."

मी इंजिन बंद केलं.

"आता लाव."

सेल्फ मारला. झटक्यात लागली. आबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच ठेवून शंकरच्या आईकडे वळले.

"ऐकलंस का गं? कुणाचा धक्का न घेता आलंय तुजं पोरगं."

सुभेदारसाहेबांनी सलाम ठोकला. शिक्षेचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. मी मात्र रडलो, युनिफॉर्मवर, सगळ्या गावासमोर. अस्थींचा कलश आईच्या हातात जाईपर्यंत मी शंकरची गाडी चालूच ठेवली.