विसापर्यंत मोजणारे तेलगोटे सर

पडदा वर जातो. अकोल्यातल्या एका कॉलेजचा वनस्पतिशास्त्राचा वर्ग, साल एकोणीसशे पासष्ट, श्रावणातली दमट दुपार. टेबलावर जंबेरीचं, म्हणजे आंबट रानलिंबाचं रोप, त्यावर कलमासाठी संत्र्याचा डोळा बांधलेला. मधोमध तेलगोटे सर, तोंड मिटून उभे. समोर साठ विद्यार्थी. वह्या मिटलेल्या.

नाटकात नट असा गप्प झाला, की विंगेतून कुणीतरी वाक्य पुरवतं. इथं विंग नव्हती. मागच्या बाकावर प्राचार्य उत्तमराव मात्र बसले होते. सरांना नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं, ते आज ठरणार होतं.

देवमन तेलगोटे हा सुंदराबाईंचा मुलगा. छप्पन साली मायलेकांनी धम्म स्वीकारला, आणि पुढे हा घराण्यातला पहिला पदवीधर झाला. नोकरीचं पहिलं वर्षभर सरांनी नोट्स अशा खणखणीत आवाजात सांगितल्या, की बाहेरून जाणारा माणूसही थबकावा. निकालही तसाच लागला. खूश होऊन कॉलेजनं त्यांना उन्हाळ्यात प्राध्यापकांच्या शिबिराला धाडलं. तिथं एका म्हाताऱ्या शिक्षकानं सांगितलं, "प्रश्न विचारला, की मनात वीस मोजा. तोवर उत्तर देऊ नका. समोरचा विचार करतोय, त्याला करू द्या."

सर परतले ते मोजतच. नोट्स बंद झाल्या; प्रश्न विचारून सर नुसते उभे राहू लागले. पहिल्याच चाचणीत अर्धा वर्ग गडगडला.

"सर इसरते राजेहो!" पोरं म्हणू लागली. "शिबिरातच डोकं ठेवून आले वाटते."

बातमी घरापर्यंत गेली. "काहून रे देवमन, तुले आठवत नाई म्हणतात?" सुंदराबाईंनी विचारलं, आणि त्या रोज रात्री चार बदाम भिजत घालू लागल्या. सर सकाळी ते मुकाट्यानं खात. आईला काय समजावणार? त्यांचा स्वतःचाही धीर सुटत चालला होता.

आज त्यांनी प्रश्न टाकला होता, "मुळं जंबेरीची, मंग झाडाले संत्री काहून लागतात?"

सात. आठ. कुणीतरी खोकलं. बारा. खिडकीजवळच्या बाकावरची मैना हलली. मोर्शीच्या संत्र्याच्या बागवानाची ही मुलगी, सव्वा वर्षात वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिची बोटं बाकावर डोळा बांधल्यासारखी फिरत होती. चौदा. ती उभी राहिली. पंधरा. तिनं ओठ उघडले. सोळा.

उत्तमरावांना राहवलं नाही. माणूस मनाचा मोठा. आपला प्राध्यापक भर वर्गात उघडा पडतोय, हे त्यांना बघवेना. मागून त्यांनी पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हणून टाकलं. साठ वह्या उघडल्या. मैना खाली बसली.

तासानंतर उत्तमरावांनी सरांना खोलीत बोलावून चहा मागवला. "तेलगोटे, मनाला लावून घेऊ नका. माझंही व्हायचं असं. उद्यापासून पहिल्यासारख्या नोट्स सांगा, मी आत्ता सही करतो." नोकरीत कायम करण्याचा कागद पुढ्यात होता. पेनाचं टोपण निघालं होतं. सरांनी नुसती मान डोलवायची होती.

सरांच्या डोळ्यांपुढे ते भिजलेले बदाम आले. मग मैनेचे ते उघडलेले ओठ.

"सायेब, सोळा झाले होते. आनखी चार थांबले असते तर काय बिघडलं असतं तुमचं? पोरगी उठली होती न!"