मावसाजींचं ठिगळ

वाटीतली कलेजी बघून ज्याची तंद्री लागावी, असा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात एकच होता आणि तो माझ्या मावशीच्या वाट्याला आला होता. मावसाजी सरकारी दवाखान्यात सर्जन. हाती येई ते मूळव्याध, हर्निया, नाहीतर बैहरकडचं अस्वलाने फाडलेलं माणूस; मन मात्र कायम काळजातल्या, म्हणजे यकृतातल्या, मोठ्या शिरेपाशी घुटमळत असे. काळजातली कॅन्सरची गाठ त्या शिरेला चिकटलेली निघाली, की भलेभले डॉक्टर उघडलेलं पोट तसंच शिवून टाकत. "तेवढी शीर कापून दुसरी जोडली तं?" असं मावसाजी कोणालाही विचारत, बसच्या कंडक्टरलासुद्धा. या नादात एकदा वारासिवनीला उतरायचे ते कटंगीला पोचले, आणि परतताना पुन्हा वारासिवनी हुकवून थेट बालाघाटला आले. ज्या लग्नाला निघाले होते, ते वारासिवनीत होतं.

रविवारी ते खाटकाकडून शिरांसकट अख्खी कलेजी आणत आणि परसात जांभळीखाली बसून शिरा कापत, रेशमी धाग्याने जोडत, मग पिचकारीने पाणी सोडून गळतं का बघत. दुपार कलून जाई, पाहुणे ताटकळत. एकदा एका तहसीलदारांच्या दातात धागा अडकला, तर मावसाजी शांतपणे म्हणाले, "एक टाका काढाचा राह्यला वाटते." कलेजी नसली, तर तलावातली कमळाची देठं शिवत. तेव्हा हाक मारली तर ऐकू जात नसे. हे ध्यान मला मनापासून आवडायचं.

माझी आई मावशीची थोरली बहीण, म्हणून मावसाजीही तिला 'बाई' म्हणत. वाकळ शिवावी तर तिनेच. शिरेला ठिगळ लावलं की चुणी पडते, हे गाऱ्हाणं घेऊन ते एकदा वाटीसकट आमच्याकडे आले. आईने नाकाला पदर लावून पाहिलं. "जवाईबुवा, ठिगळ भोकाएवढंच काहून कापता? जरासं मोठं घ्या. अन् धागा ओढू नका, बसू द्या."

पुढे तीन वर्षांनी आईच्याच काळजात गाठ निघाली. ती पहिल्यांदा मावसाजींच्याच हाताला लागली. मी हट्ट धरला, इथंच करा, तुम्हीच करा. ते माझ्यावर कधी नव्हे ते ओरडले, "इथं पुरेसं रक्त नाही, धड भूल देणारा नाही. मले हौस आहे म्हणून बाईले मारू काय?" मग नागपूर. त्यांच्या गुरूंनी पोट उघडलं. गाठ शिरेला चिकटलेली. "बंद करा," ते म्हणाले. मदतीला उभ्या असलेल्या मावसाजींनी वीस मिनिटं मागून घेतली, आईच्या मांडीतली शीर काढली आणि तिचं ठिगळ लावलं, जरासं मोठं. बाहेर येऊन मला म्हणाले, "बसलं. चुणी नाही," आणि बूट न काढताच बाकावर झोपी गेले.

शुद्धीवर आल्यावर आईने विचारलं, "माही मांडी काहून दुखते?"

"तिथलं कापड घेतलं, बाई."

"मले विचारलं तं होतं काय?"

आई अडीच वर्षं जगली. रामपायलीला रामाच्या दर्शनाला जाऊन आली, माझ्या लग्नावरून माझ्याशी भांडली, उन्हाळ्यात पोटभर आंबे खाल्ले. मग दुखणं दुसरीकडे उमटलं. ती गेली त्या दिवशी मावसाजी ओसरीवर माझ्याशेजारी बसले होते. हळूच म्हणाले, "पोरी, या अडीच वर्षांत बाईले सुख भेटलं न? का मीच माह्या हौसेपायी तिले ओढत नेलं?"

मी रडत होते. उत्तर द्यायचं राहून गेलं, आणि पुढे विषय काढायचा धीर झाला नाही. आता मावसाजीही नाहीत. एखाद्या संथ दुपारी ते शेजारी बसलेत असं वाटतं, तेव्हा मी सांगून टाकते, हौ मावसाजी, भेटलं. तिले भेटलं, अन् मले माही माय अडीच वर्षं जास्त भेटली.