पर्पेच्युआबायचा पाचवा रविवार

मरोळच्या गावठाणात पर्पेच्युआबाय जन्मली, लग्न होऊन चार घरं पलीकडे गेली, आणि एकाहत्तर वर्षं एकाच चर्चमध्ये दर रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेला बसली. डावीकडचा तिसरा बाक, खांबाला लागून. तिच्या खांद्याच्या उंचीला खांबाचा दगड झिजून गुळगुळीत झालाय, असं ती सांगे. आम्ही गावातले मान हलवायचो, कारण तिच्याशी वाद घालायला अख्खा दिवस मोकळा लागतो.

मग जुनं घर पाडून इमारत बांधायचं ठरलं. तीन वर्षांसाठी तिचा लेक मर्विन तिला मुलुंडला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. आली ती अट घालूनच.

"पाच रविवार बघेन. मन लागेल असं चर्च मिळालं तर राहीन. नायतर मला उत्तनला बहिणीकडे सोड."

मर्विन एकटा राहायचा. आई आली तशी त्याच्या स्वयंपाकघराला तिने कुटून बाटल्यांत भरून आणलेल्या बाटली मसाल्याचा वास लागला. पूर्वी ऑफिसात रेंगाळणारा हा माणूस आता सात वाजले की घराकडे पळू लागला. त्यामुळे रविवार जवळ आला की तो फोनवर आणखी एक चर्च शोधत बसे.

पहिल्या चर्चमध्ये एसी होता. "देवाला काय बर्फात ठेवलाय?" दुसऱ्यात भिंतीवरच्या पडद्यावर गाण्याच्या ओळी यायच्या. "ज्यांची गाणी पाठ नाय त्यांनी घरी बसावं." तिसऱ्यातल्या फादरनी प्रवचनात तीन विनोद केले. बाय एकालाही हसली नाही.

चौथ्या रविवारी ती बाहेर आली ती थेट रिक्षात जाऊन बसली.

"काय झालं, आई?"

"काय नाय झालं. तेच तर."

पाचवा रविवार आगेऱ्याचा निघाला. ऑक्टोबरातला हा नव्या भाताचा सण. चर्चमध्ये भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद मिळाल्याशिवाय आमच्याकडे नवा तांदूळ चुलीवर चढत नाही. शेतं कधीच इमारतींखाली गेली, सण मात्र राहिला. बाय ठेवणीतलं लाल लुगडं नेसली. मर्विनने रिक्षाने तिला एका लहानशा, कौलारू चर्चपाशी सोडलं आणि स्वतः मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बसला.

बायचे पाय आपोआप डावीकडे वळले. तिसरा बाक. खांब होता. ती टेकली. दगड गार होता, पण खांद्याला बरोबर लागला.

"ऊठ."

समोर तिच्याच वयाची, तिच्याहून रुंद बाई उभी होती. जेनेव्हिव्ह तिचं नाव.

"का म्हणून?"

"माझी जागा हाय ती. चाळीस वर्षं."

"मग तुला बसून कंटाळा आला असेल. पलीकडे बस."

"कुठली गं तू?"

"मरोळची."

"तरीच!" म्हणत जेनेव्हिव्ह बाकावर अशी काही बसली की बाय खांबाला चिकटली. पण उठली नाही.

मिस्सा सुरू झाली. फादरनी लोंब्यांवर पवित्र पाणी शिंपडलं आणि ॲम्ब्रोज नावाचे समितीचे गृहस्थ एकेकाला लोंबी वाटू लागले. मरोळला लोंबी हातात आली की आधी तोंडात एक दाणा टाकायचा. नवा दाणा दाताखाली मऊ लागतो. बायने दाणा चावला. कट्ट!

"अगं बाई, हे गेल्या सालाचं भात!"

ती हळूच बोलली होती. पण नेमक्या त्याच क्षणी गाणं संपलं.

सगळं चर्च वळलं. ॲम्ब्रोज लोंब्यांच्या टोपलीआड तोंड लपवू लागले. मर्विनने डोळे मिटले. पाचही रविवार संपले होते.

जेनेव्हिव्हने एक दाणा चावला. कट्ट!

"मी कालच म्हटलं होतं ॲम्ब्रोजला. डेकोरेशनवाल्याकडून उचललंय म्हणून."

"मग गप्प का बसलीस?"

"वाटलं, इथे कोणाला कळायचंय?"

"मी मेले होते काय?"

"काल तू होतीस कुठं?"

फादर खोकले. हसू दाबायला माणूस खोकतो तसे. "ॲम्ब्रोज, पुढच्या साली लोंब्या आणायला या दोघींना घेऊन जा."

पुढे एकमेकांना शांती द्यायची वेळ आली. जेनेव्हिव्हने हात पुढे केला. "शांती असो. पण जागा माझी."

"शांती असो," बाय म्हणाली आणि हात जरा जास्तच वेळ दाबून धरला.

बाहेर मर्विनने घाबरत विचारलं, "कसं वाटलं?"

"भात जुनं. बाई भांडखोर. समिती बेकार."

त्याचा चेहरा उतरला. "उत्तनला मावशीला फोन करू?"

"कशाला?" बायने पदर खोचला. "पुढच्या रविवारी रिक्षा साडेसहाला हवी. ती जेनेव्हिव्ह बाकावर पावणेसातला येते. मी विचारून घेतलंय."